डबीवरचं फडकं

घर तापवायचा नवा बॉयलर आला तेव्हा माझ्या नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला. माझ्याशी नव्हे, बॉयलरशी. तळघरात जायचा, बटाटे घ्यायचा, आणि त्या लाल रंगाच्या यंत्राकडे पाठ करून वर यायचा. एवाल्डचा स्वभावच असा. उभा जन्म त्याने खाणीत काढला, आणि आता शेगडीत कोळसा घालायचं कामसुद्धा एक स्क्रू करणार म्हटल्यावर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याहून मोठं दुखणं कोळशाचं होतं. निवृत्त खाणकामगाराच्या फाटकासमोर दर हिवाळ्याआधी खाणीचा कोळसा येऊन पडतो. काळे धोंडेच्या धोंडे. आमच्या अख्ख्या गल्लीची अब्रू त्या ढिगावरून मोजली जाते. या नव्या यंत्राला ते धोंडे चालत नव्हते. त्याला दुकानातला, पोत्यात शिवलेला, वाटाण्याएवढा कोळसा लागायचा.

"पोत्यातला कोळसा!" एवाल्ड मला म्हणाला. माझं नाव ओतला. "आणि तोही बोटीतून आलेला, परदेशी. ओतला, उद्या मला पाणी बाटलीत विकत घ्यायला लावशील."

"घेतोसच की," मी म्हटलं. "आणि बियर कुठून येते, विहिरीतून?"

हा बॉयलर आणला तो सबीनासाठी. सबीना आमची सून, आमच्या रोमानची बायको. रोमान गेल्यापासून ती आणि नात क्लारा वरच्या मजल्यावर राहत होत्या. जुनी शेगडी धूर जास्त आणि ऊब कमी द्यायची. क्लाराची छाती सारखी भरायची. शेवटी शरद ऋतूत सबीनाने मला स्वयंपाकघरात गाठून सरळ सांगितलं, "आई, या थंडीत पोरीला इथे ठेवणार नाही मी. बहीण व्रोत्सवाफला बोलावते आहे. खोली तयार ठेवली आहे तिने."

मी एवाल्डला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे की." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून स्वतःच दुकानात गेला नि बॉयलर सांगून आला. क्लारा चार वर्षांची. ती रागावली की रोमानसारखी नाक फुगवते. रोमानचं या घरात तेवढंच उरलं होतं, आणि ते व्रोत्सवाफला जाऊ द्यायची आमच्या दोघांचीही छाती नव्हती.

बसवायला आलेल्या मिस्त्रीने सगळं नीट समजावलं. टाकी भरली की स्क्रू आपोआप कोळसा पुढे ढकलतो, पंखा वारा घालतो, भिंतीवरच्या काचेत तापमानाचे अंश दिसतात. "फक्त दोन गोष्टी, ओपा," तो म्हणाला. आमच्याकडे म्हाताऱ्यांना ओपा म्हणतात. "यात दुसरा कोळसा मिसळायचा नाही. आणि हे भिंतीतलं हवेचं भोक कधी बुजवायचं नाही." एवाल्डने हे रविवारच्या प्रवचनासारखं ऐकलं, म्हणजे टोपी मांडीवर आणि लक्ष जेवणाकडे.

सबीनाने आपल्या हाताने एक पांढरी डबी आणून जिन्याखाली, बॉयलरच्या दाराशी लावली. विषारी वायू साठला की ती डबी कोकलते. त्या वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपतो तो झोपतोच.

"बाबा," ती एवाल्डला म्हणाली, "ही एकदा जरी वाजली, तर मी क्लाराला घेऊन निघाले. मग परत बोलवू नका. रोमानच्या वेळी कोणी ऐकलं नाही. मी ऐकणार आहे."

एवाल्डने मान डोलावली.

रोमानचं सांगायला हवं. माझ्या जिवावर येतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाणीतही अशाच डब्या असतात, मिथेनसाठी. छताला टांगलेल्या. वायू वाढला की डबी वीज तोडते, कापणारं यंत्र थांबतं, आणि पाळीवरची माणसं हात बांधून बसतात. तीन वर्षांपूर्वी रोमानच्या पाळीत डबीने वीज तोडलीच नाही. स्फोट झाला. रोमान गेला, आमच्या समोरच्या घरातला गेरार्ड गेला, आणखी दोघे गेले. चौकशीत टेबलावर एक वस्तू ठेवली होती, अर्धी जळालेली. डबीवर ओलं फडकं गुंडाळून सुरुंगाच्या रंगीत तारेने बांधलेलं. तारेचे वेढे घट्ट, पण टोकाचं शेपूट बाहेर काढलेलं. तपासनीस आला की शेपूट ओढायचं, सगळं एका झटक्यात गळून पडतं.

वाचलेल्यांपैकी एकजण म्हणाला की हे रोमानने बांधलं.

एवाल्ड भर सभेत उभा राहिला. टेबलावर मूठ आपटून ओरडला, "माझा पोरगा? त्याला काम मी शिकवलंय! मी शिकवलेला पोरगा असलं करणार नाही! गेरार्डला विचारा, त्यालाच घरी पळायची घाई असायची!" गेरार्ड मेलेला होता, तो काय सांगणार. पण लोकांना नाव मिळालं. गेरार्डची बायको एल्फ्रिडा त्या दिवसापासून आमच्याशी बोलली नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्याशेजारी कोणी बसेना. सबीनाचा सासऱ्यावर विश्वास होता. ती दुकानात, रस्त्यात, सगळीकडे मान ताठ ठेवून सांगायची, "माझ्या नवऱ्याने ते केलं नाही." मीही सांगायचे. माझाच पोरगा, मी दुसरं काय सांगणार.

तर बॉयलर. पहिले काही आठवडे घर असं उबदार झालं की क्लारा बनियनवर नाचायची. सबीनाच्या गालांवर रंग आला. तिने वरच्या खोलीला नवे पडदे शिवले, आणि पडदे शिवणारी बाई घर सोडत नाही, असा मी अर्थ काढला. एका रविवारी तर ती खाली येऊन माझ्यासोबत बटाट्याचे गोळे वळायला बसली. खाणवाल्यांची कैवारी संत बार्बरा, तिला मी मनात मेणबत्ती बोलले.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फाटकासमोर आलेला खाणीचा ढीग एवाल्डला बघवेना. एक दिवस तळघरातून ठाक ठाक आवाज आला. जाऊन बघते तो हा हातोड्याने धोंडे फोडतोय आणि ते तुकडे टाकीत टाकतोय.

"मिस्त्रीने काय सांगितलं होतं?"

"मिस्त्री मला कोळसा शिकवणार? हा आपल्या खाणीचा आहे, ओतला. सोनं आहे सोनं. त्या परदेशी वाटाण्याला याची सर नाही."

आमच्या खाणीचा कोळसा चिकट. पोलादाच्या भट्टीला तो हवाच असतो. पण घरच्या लहान तोंडाच्या बॉयलरमध्ये तो फुगून एकमेकांना चिकटतो, नीट जळत नाही, नुसता धुमसतो, आणि धुराड्यात काजळीचे थर बसतात. हे मला नंतर अग्निशामकवाल्यांनी सांगितलं. एवाल्डला ते आधीपासून माहीत होतं. माहीत असून त्याने केलं, याचाच मला अजून संताप येतो. वर थंड वारा येतो म्हणून त्याने भिंतीतल्या भोकात जुनी गोधडीही कोंबली होती. खाणीत जन्मभर हवेच्या वाटेसाठी भांडलेला माणूस तो.

संत बार्बराच्या सणाच्या आधी एका सकाळी जिन्याखालून डबी वाजली. तीक्ष्ण आवाज. मी ओट्यापासून धावले, तोवर एवाल्ड खाली पोचला होता. आवाज थांबला.

"काय झालं?"

"बॅटरी," तो म्हणाला. "स्वस्तातल्या बॅटऱ्या. सबीनाला काही सांगू नकोस, उगाच बोचकं बांधेल."

सबीना तेव्हा क्लाराला घेऊन बालवाडीत गेली होती. मी खाली जाऊन बघितलं नाही. बॅटरी म्हणाला, मला बॅटरी पटली. नंतर डबी वाजली नाही, आणि घरात गरम होतं.

सणाच्या दिवशी पहाटे बँड आमच्या गल्लीतून वाजत गेला. एवाल्डने खाणकामगारांचा काळा गणवेश चढवला, पितळी बटणं चमकवली, पिसांचा तुरा लावलेली टोपी घातली. सबीना या दिवशी चर्चला येत नाही, रोमान गेल्यापासून. क्लाराला सर्दीही होती. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी हिला निजवते आणि न्हाऊन घेते." बाहेर दाट धुकं होतं, वारा औषधालाही नाही, आणि डिसेंबर असून हवा कोमट. अशा दिवशी धूर धुराड्यातून वर चढत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल.

प्रार्थनेनंतर पुरुष मंडळी बियर आणि सॉसेजसाठी सभागृहात गेली. मी गोळे शिजायला टाकायचे म्हणून आधी घरी आले. दार उघडलं तर खिडक्यांना घाम सुटलेला. मी हाक मारली. वरून उत्तर नाही. पुन्हा मारली. मग क्लाराचं कण्हणं ऐकू आलं.

ती पलंगाच्या कडेला ओकलेल्यात पडली होती, ओठ विचित्र लाल. सबीना न्हाणीघराच्या दारात पालथी. मी खिडकी फोडावी तशी उघडली आणि ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. समोरच्या घरातून एल्फ्रिडा धावत आली. तीन वर्षं जिने माझ्या 'देव भलं करो'ला उत्तर दिलं नव्हतं, ती पायात चपला नसताना माझ्या जिन्यावरून वर आली.

"पोरगी मला दे! तू सबीनाचे पाय धर! ओतला, रडू नको, ओढ!"

आम्ही दोघींना अंगणात आणलं. एल्फ्रिडाने आपला लोकरी कोट काढून क्लाराला गुंडाळली आणि तिच्या गालांवर चापट्या मारत राहिली, "उठ गं, उठ, सोन्या, डोळे उघड." क्लाराने डोळे उघडले आणि तिच्या कोटावर ओकली. एल्फ्रिडा हसली. मला हसायला आलं नाही.

रुग्णवाहिका आली, अग्निशामकवाले आले. एक तरुण यंत्र हातात घेऊन तळघरात उतरला. वर आला तेव्हा त्याच्या हातात सबीनाची डबी होती. त्याने ती भिंतीवरून जशीच्या तशी काढली होती. वरून ओलं फडकं, त्यावर रंगीत तार, घट्ट वेढे, आणि एक शेपूट बाहेर.

"मावशी, हे कोणी केलं?" त्याने विचारलं आणि दारातच शेपूट ओढलं. फडकं गळून पडलं. डबी किंचाळायला लागली. सगळ्या गल्लीला ऐकू गेली असेल.

सबीना स्ट्रेचरवर होती, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. तिने ते शेपूट ओढताना पाहिलं. चौकशीच्या टेबलासमोर ती माझ्याशेजारीच बसली होती. तिचे डोळे त्या तारेवरून हलले नाहीत. मग फाटकातून एवाल्ड धावत आला, तुऱ्याची टोपी एका हातात, बियरचा वास, "क्लारा! माझी क्लारा कुठे?" सबीनाने मुखवट्याआडून त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

रुग्णवाहिका गेल्यावर एल्फ्रिडाने वाकून फडकं उचललं. तिने ते तारेसकट नीट घडी करून अंगणातल्या बाकावर ठेवलं, एवाल्डच्या समोर, आणि अनवाणी घरी गेली.

दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर नुसत्या शवपेट्या सांगाव्या लागल्या असत्या. डॉक्टर तसेच बोलतात आमच्याकडे, खाणीच्या गावातले.

मी एवाल्डला स्वयंपाकघरात बसवलं.

"का झाकलीस?"

"वाजत होती."

"वाजण्यासाठीच लावली होती ना ती!"

"ती म्हणाली होती, वाजली की जाणार." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, सण होऊन जाऊ दे. मग धुराडं साफ करतो, भोक उघडतो. थोडक्यात भागेल. आजवर भागत आलं की."

"रोमानला हे बांधायला कोणी शिकवलं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमच्या घराचं तीन वर्षं चाललं होतं. ती मूठ आता माझ्यासमोर टेबलावर पडली होती, ओल्या फडक्यासकट.

"सगळेच करायचे, ओतला," शेवटी तो म्हणाला. "काम थांबलं की वरचे साहेब बोंबलायचे. पोरगा नवा होता, रडकुंडीला आला होता. मी त्याला म्हटलं, असं बांध, शेपूट बाहेर ठेव, कोणी आलं की ओढ. बाप म्हणून दाखवलं."

"आणि गेरार्डचं नाव घेतलंस."

"पोरगा मेला होता माझा!"

"तिचा नवरा जिवंत होता वाटतं?"

मी त्याला मारलं. हातातला ओला पंचा त्याच्या तोंडावर मारला, दोनदा. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी हात उगारला नव्हता. तो हललाही नाही.

सबीना दवाखान्यातून सुटली त्या दिवशी बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीतून आली, सामान न्यायला. क्लारा मागच्या सीटवर टोपीत गुंडाळून बसलेली. सबीनाने मला मिठी मारली, घट्ट मारली. एवाल्डकडे पाहिलं नाही. वर जाऊन पिशव्या भरायला लागली. पडदेही काढले तिने. तेव्हा मला कळलं की ही आता येणार नाही.

एवाल्ड सकाळपासून काळ्या गणवेशात होता. मला वाटलं, याला वेड लागलं. पिशव्या गाडीत जाताना त्याने पाहिल्या, टोपी डोक्यावर ठेवली आणि रस्ता ओलांडून एल्फ्रिडाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. दुपारची वेळ, गल्लीत माणसं होती. कोणी बर्फ लोटत होतं, कोणी पाव घेऊन येत होतं.

"एल्फ्रिडा!" त्याने हाक मारली. "बाहेर ये!"

ती दारात आली. हाताला पीठ लागलेलं.

"डबी रोमानने झाकली होती," एवाल्ड म्हणाला. "गेरार्डने नाही."

"मोठ्याने बोला," एल्फ्रिडा म्हणाली. "त्या दिवशी सभेत कसे बोललात, तसे."

त्याने टोपी काढली. छाती भरून घेतली आणि ओरडून सांगितलं, की रोमानने झाकली, मी त्याला शिकवलं, गेरार्डचं नाव मी खोटं घेतलं. फावडी थांबली. एल्फ्रिडाने त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दार लावून घेतलं. दारामागे तिचं रडणं मला रस्त्याच्या या कडेलाही ऐकू आलं.

एवाल्ड परत आला, चेहरा लाल, डोळे ओले. तो थेट सबीनासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती. ती बघून मला लाज वाटली, त्याचीही आणि माझीही, कारण माझ्याही मनात तीच होती.

"सांगितलं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगितलं, पोरी. भोक उघडलंय, धुराडं साफ केलंय, पोत्यातलाच कोळसा घालतो. आता पिशव्या काढू ना खाली?"

सबीनाने हातातली पिशवी गाडीत ठेवली आणि त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बाबा, डबी तुम्ही झाकलीत ती आम्ही थांबावं म्हणून. आज बोललात तेही आम्ही थांबावं म्हणूनच. मी पिशव्या भरल्या नसत्या तर एल्फ्रिडाचं दार तुम्हाला दिसलं असतं का?"

ती गाडीत बसली. क्लाराने काचेवर हात टेकवला आणि विचारलं, "ओपा येणार नाही?" सबीनाने तिचा पट्टा लावला. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो.

मग एवाल्ड माझ्याकडे वळला.

"ओतला," तो म्हणाला, "तू तर नाही ना जाणार?"

घर मागे उबदार होतं, दार उघडंच होतं. मी आत गेले नाही. रस्ता ओलांडून मी एल्फ्रिडाचं दार ठोठावलं.